ध्रुवयानाचं काय झालं

परतूर
१४ डिसेंबर २००३

रामकिसन काकांना आणि सगुणा काकूंना मैमूनाचा सलाम.

दोन वर्षांत पत्र नाही, म्हणून चांदपाशा पत्रेवाल्याच्या लेकीला विसरला असाल तर तुमचं काही चुकलं नाही. तुमच्या भिंतीला भिंत लावून वाढले आणि लग्न होऊन परतूरला आले ती इथलीच झाले.

आज लिहायला कारण घडलं. ईदच्या आधी माळ्यावरचं सामान काढलं, त्यात अब्बांनी केलेलं खटपट रोबोचं डोकं सापडलं. तोच तो डालड्याचा मोठा डबा, डोळ्यांच्या जागी दोन गोल भोकं, वर सायकलची घंटी. मी ह्यांना म्हटलं, घालून तर बघा. ह्यांनी घातलं, आणि डोक्यात अडकलं ते निघेचना. तेल लावलं, शेजारी बोलावले, फार हाल झाले.

तेव्हापासून ‘ध्रुवयान’ मनातून जात नाही. काका, मालिका जाऊन पंधरा वर्षं झाली, पण आठवण आली नाही असा दिवस नाही. आता घरात नुसता डबा उरला.

माझ्या तिसरीच्या वर्गाला मी दर शनिवारी ध्रुवयानाची गोष्ट सांगते. कप्तान अजेय, सम्राट शून्य, लोखंडी खटपट, सगळं सांगून झालं. आता शेवटावर अडले. शेवटच्या रविवारी आपल्या गावची लाइट गेली होती आणि शेवट तुम्ही तोंडी सांगितला होता. तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची. यान काळ्या घळीत शिरलं एवढंच आठवतं. बाहेर कसं आलं ते लिहून पाठवा. मुलं वाट बघताहेत.

आम्ही मजेत आहोत. काकूंच्या चटणीची आठवण येते.

तुमची
मैमूना


धावडा, ता. भोकरदन
२० डिसेंबर २००३

मैमूना बेटा हिला रामकिसन काकाचा आशीर्वाद. कोणत्या तोंडानं आशीर्वाद लिहू तेच कळत नाही.

तुझं पत्र आलं. मी अंगणात उन्हाला बसून वाचलं. मालक जाऊन पंधरा दिवस झाले हे वाचलं. डोळे भरून आल्यामुळं पुढचं नीट लागलं नाही, पण जेवढं लागलं तेवढं पुष्कळ झालं.

डोक्यात अडकलं म्हणतेस, म्हणजे रक्ताची गाठ असणार. तेल लावून गाठ निघते का बेटा? शेजारी जमा करण्यापेक्षा तडक जालन्याला न्यायचं होतं. पण तुला तरी काय सुचणार, तू एकटी बाई. मला आधी कळवलं असतं तर मी आलो असतो. निदान काळजी तरी करत बसलो असतो.

इनायत जावई माणूस लाखाचा होता. लग्नात त्यांनी माझ्या पाया पडायला वाकून पाहिलं तर तुझे अब्बा म्हणाले, ‘राहू द्या जावईबापू, रामकिसनला लगेच वाटंल आपण मरायला टेकलो.’ सगळा मांडव हसला होता. तो माणूस असा जावा.

तुझ्या काकूला सांगितलं तर तिनं हंबरडा फोडला. मंग गल्लीतल्या बाया जमल्या. उषाबाईनं गिरणी बंद ठेवली.

घरात नुसता डबा उरला, हेही वाचलं. चांदपाशाच्या पोरीच्या घरात धान्याचा डबा रिकामा, आणि मी इथं दोन वेळा जेवतो. कचरूच्या जीपमधून ज्वारीचं पोतं पाठवतो आहे. चटणीपण आहे. चटणीची आठवण काढलीस तेवढं वाचता आलं. एवढ्या दुःखात चटणी आठवली, म्हणजे किती दिवसांची उपाशी असशील.

तू इकडं निघून ये. भिंत तीच आहे.

तुझा
रामकिसन काका


परतूर
२८ डिसेंबर २००३

रामकिसन काकांना सलाम.

हे पत्र मी फळ्यावर लिहितात तेवढ्या अक्षरात लिहिते आहे, म्हणून पाकीट जाड झालं आहे. कारण शेवटी सांगते.

काका, इनायत जिवंत आहेत. आत्ता माझ्यासमोर बसून तुम्ही पाठवलेल्या ज्वारीची भाकरी खात आहेत. मी ‘मालिका’ लिहिलं होतं. टीव्हीवरची मालिका. तुम्ही ‘मालक’ वाचलं. पंधरा ‘वर्षं’ लिहिलं होतं, तुम्ही ‘दिवस’ वाचलं. आणि डोक्यात अडकला तो डबा.

कचरू पोतं घेऊन आला तेव्हा दार ह्यांनीच उघडलं. कचरू दोन पावलं मागं सरला.

‘भाऊ, इथं मयत झाल्ती ना?’

‘कोणाची?’

‘इनायतभाईंची.’

‘मीच तो. आत या, चहा घ्या.’

तो चहा न घेताच निघाला होता, मी ओढून बसवला. आता हे रोज भाकरी मोडताना म्हणतात, ‘गेल्यावर एवढी ज्वारी येते, तर आधीच जायला पाहिजे होतं.’ मी म्हटलं, असं बोलू नका, काका ऐकतील तर पुन्हा पोतं पाठवतील.

हसून झालं, आणि मंग मी रडले. काका, तुम्ही चौथी शिकलेले, पण आमच्या ओट्यावर बसून अख्खा पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचात. टीव्हीवर पळणारी बारीक नावंसुद्धा. पडद्यावर यान लोंबकळलेलं असायचं तो दोरा आधी तुम्हाला दिसायचा. तुम्ही ओरडायचात, ‘दोरा तुटंल रे, जपून!’ आम्ही पोरं चिडायचो. आणि आज तुम्हाला ‘मालिका’ हा शब्द दिसला नाही?

कचरू म्हणाला, काका ओट्याची पायरी चुकून पडले होते. खरं आहे का? तुमच्या डोळ्यांना काय झालं आहे? जालन्याला मोतीबिंदूचं चांगलं ऑपरेशन होतं. माझ्या सासूबाईंचं तिथंच झालं. आता त्या माझ्या स्वयंपाकातला केस लांबून ओळखतात.

मला खरं उत्तर लिहा.

मैमूना


धावडा
८ जानेवारी २००४

मैमूना बेटा हिला काकाचा आशीर्वाद. जावईबापूंना शंभर वर्षं.

बातमी खोटी निघाली याचा आनंद एवढा झाला की मी मारुतीला नारळ फोडला. पण गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. गिरणीवर उषाबाई विचारते, ‘काय रामकिसनभाऊ, आज कोण गेलं?’ पोस्टमन जाड पाकीट देताना हसला.

तू अक्षर फार बारीक काढतेस, चूक तुझी आहे. आणि ‘मालिका’ हा काय शब्द आहे? आपण सिरियल म्हणायचो. तू सिरियल लिहिलं असतंस तर एक माणूस वाचला असता.

माझे डोळे चांगले आहेत. थोडं धुकं असतं ते थंडीमुळं. दिव्याभोवती गोल दिसतं ते सगळ्यांनाच दिसत असेल. पौर्णिमेला दोन चंद्र दिसले, पण ध्रुवयानातसुद्धा दोन चंद्र होते आणि दोन्ही पितळी ताटं होती, तेव्हा तू काही बोलली नाहीस. पडलो ते पायरी ओली होती म्हणून. कचरूवर विश्वास ठेवू नको. तो एस.टी.च्या आधी प्रवासी भरतो आणि मंग तासभर निघत नाही.

ऑपरेशनचं नाव काढू नको. माझी थोरली बहीण झुंबरबाई तुला आठवत असेल. तिचा एक डोळा पांढरा होता. आम्ही लहान असताना गावात एक वैदू आल्ता, त्यानं सुईनं पडदा सरकवतो म्हणून डोळा फोडला. तिला पकडून ठेवायला माणसं लागली, त्यात मीपण होतो, पायाशी. तिचा तो आवाज मी अजून ऐकतो. आता सुई नसते, यंत्र असतं, हे सगळं मला माहीत आहे. पण डोळा तोच असतो.

तुला सिरियलचं विचारायचं होतं तर तेवढंच विचार. मला अजून सगळं पाठ आहे, त्याला डोळे लागत नाहीत. कप्तान अजेय म्हणायचा, ‘यहाँ हवा नहीं है,’ आणि लगेच टोप काढून घाम पुसायचा. मला तेव्हा किती धाकधूक व्हायची. सम्राट शून्य अंगावर चादर घेऊन यायचा, तसली चादर आपल्या भोकरदनच्या बाजारात मिळायची. एकदा त्याच्या महालाच्या दगडाला खटपटचा धक्का लागला आणि दगड उडून गेला. पोरं हसली. मी नाही हसलो. मला वाटलं, खोटा दगड असला तरी खाली कोणी बसलेलं असेल तर?

तुझे अब्बा मला ‘कंट्रोल रूम’ म्हणायचे. त्यांना काय, ते वर माळवदावर अँटेनापाशी बसलेले.

शेवटाचं विचारतेस. लिहिणार नाही. मी सांगितलेला शेवट बराबर होता का चूक, हे मला माहीत नाही. शाळेच्या पोरांना चुकीचं शिकवू नये.

रामकिसन काका


परतूर
२२ जानेवारी २००४

काका, सलाम.

मोठ्या अक्षरातच लिहिते आहे. पोस्टमनला हसू द्या.

तुमच्या पत्रात ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. ‘शंभर वर्षं’ हे ‘मारुती’वर लिहिलं आहे. मी ते पत्र माझ्या सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, ऑपरेशनच्या आधी माझ्या हातची शिवणसुद्धा अशीच व्हायची.

तुम्ही अब्बांचं लिहिलंत, म्हणून मीही लिहिते. शाळेत मी मुलांना सांगितलं की आमच्या गावात टीव्ही एकाच घरात होता, रामकिसन काकांच्या, आणि त्याचा अँटेना डोंगरामुळं नीट धरायचा नाही. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मुंग्या म्हटल्यावर मुलं हसली, त्यांच्याकडं केबल आहे. मी सांगितलं, मंग माझे अब्बा माळवदावर चढून खांब हातानं धरून बसायचे. खालून रामकिसन काका ओरडायचे, ‘आलं! न्हाई, गेलं! चांदपाशा, अजिंठ्याकडं फिरव!’ वरून अब्बा म्हणायचे, ‘अरे अजिंठाच धरून बसलोय, और कितना फिरवू?’ सिरियल संपेपर्यंत ते खाली येत नव्हते. खांब सोडला की चित्र जायचं. मुलांनी विचारलं, ‘मॅडम, मंग तुमच्या अब्बांनी सिरियल कधी पाहिली?’

काका, त्यांनी कधीच पाहिली नाही. एकही भाग. खाली उतरून हात धुवायचे आणि तुमच्याजवळ बसायचे, ‘हं, सांग काय झालं.’ आणि तुम्ही सगळं सांगायचात. आम्ही आत्ताच पाहिलेलं असायचं, तरी पुन्हा ऐकायला थांबायचो. तुमच्या तोंडून सम्राट शून्यची चादर दिसायची नाही.

म्हणून मला तो शेवट पाहिजे. आणि तुमचे डोळे पाहिजेत. मी तारीख घेऊन ठेवली आहे, १७ फेब्रुवारी, जालना. तुम्ही आणि काकू भोकरदनवरून एस.टी.नं या, मी आणि हे रेल्वेनं येतो. तुमच्या पायाशी कोणी धरायला बसणार नाही. मी डोक्याशी बसेन.

मैमूना


धावडा
३१ जानेवारी २००४

बेटा मैमूना,

आशीर्वाद. हे पत्र छोटं आहे.

काल मी घरातून बाहेर आलो तेव्हा अंगणात कोणीतरी उभं होतं. मी विचारलं, कोण हाये? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. घरात येऊन काकूला म्हणालो, बाहेर कोणी माणूस उभा आहे आणि बोलत नाही, मला भीती वाटून राह्यली. ती बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही. मंग येऊन म्हणाली, ‘ते तुमचंच धोतर हाये, वाळत घातलंय.’ तिनं हे कोणाला सांगितलं नाही. मला तेवढ्यानंच जास्त वाईट वाटलं. भांडली असती तर बरं होतं.

तर डोळे गेलेले आहेत. लिहिलं एकदाचं. उजव्यानं काहीच नाही, डाव्यानं मुंग्या. हे पत्र मी अंदाजानं लिहितो आहे, काकू ओळ चुकली की हात सरकवते. तिला वाचता येत नाही म्हणून बरं आहे.

जालन्याला यायचं का नाही हे मी अजून ठरवलं नाही. रात्रंदिवस डोक्यात तेच चालू आहे. तुला हसू येईल, पण मला ती काळी घळ आठवते. कप्तान आत शिरताना म्हणाला होता, ‘घबराओ मत.’ त्याच्या पुढचं आपण पाहिलं नाही. मी तुमच्यासमोर सांगितलं की सगळे सुखरूप बाहेर आले. मी माझ्या मनानं सांगितलं. खऱ्या सिरियलमध्ये काय झालं? समजा आत गेलेलं कोणी बाहेर आलंच नसेल तर?

तू शाळेत आहेस, शिकलेली माणसं तुझ्या ओळखीची आहेत. कोणी मोठ्या गावात राहिलेला असेल, ज्याच्याकडं त्या रविवारी लाइट होती. त्याला विचार आणि मला खरं कळव. खोटा धीर देऊ नको. कप्तान वाचला असेल तर मी येतो. नसेल तर मला विचार करू दे.

काका


परतूर
१० फेब्रुवारी २००४

काका, सलाम. काकूंना सलाम. हे पत्र कोणाकडून तरी वाचून घ्या, लाजू नका. उषाबाईच्या सुनेला बोलवा, तिचा आवाज मोठा आहे.

मी तुमचं काम केलं. आमच्या शाळेत तातेराव गुरुजी म्हणून आहेत. ते त्या वर्षी औरंगाबादला डी.एड. करत होते आणि वसतिगृहाच्या टीव्हीवर ध्रुवयान न चुकता बघायचे. त्यांना सगळं आठवत होतं, चपलासुद्धा. मंगळावर उतरताना कप्तानाच्या पायात रबरी चपला होत्या, ते मी विसरले होते.

मी विचारलं, गुरुजी, शेवटच्या रविवारी काय झालं? घळीतून यान बाहेर आलं का?

ते म्हणाले, ‘बाई, आलंच नाही.’

तुम्हाला काय लिहू, असं झालं. ते पुढं म्हणाले, ‘म्हणजे, दाखवलंच नाही. यान घळीत शिरलं आणि “शेष अगले रविवार” अशी पाटी आली. पुढच्या रविवारी त्या वेळेला शेतीचा कार्यक्रम लागला. मंग दर रविवारी तोच. पैसे संपले का माणसं संपली, कोणाला कळलं नाही. आम्ही पोरांनी पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.’

काका, तुम्हाला कळतंय का मी काय सांगते आहे ते? आपण इतकी वर्षं समजत होतो की लाइट गेली म्हणून आपला शेवट हुकला आणि बाकी सगळ्यांनी पाहिला. कोणीच पाहिला नाही. औरंगाबादला नाही, मुंबईला नाही, दिल्लीला नाही. शेवट झालेलाच नाही. झाला तो फक्त धावड्यात, तुमच्या ओट्यावर. तातेराव गुरुजी माझ्यासमोर खुर्चीवरून पुढं सरकून विचारत होते, ‘तुमच्याकडं शेवट आहे? काय झालं मग?’ पस्तिशीला आलेला माणूस. आणि मला सांगता येईना.

आणखी एक गोष्ट. ही मी कोणाला सांगितली नव्हती. तुम्ही त्या दिवशी अब्बांना लाइट गेल्याचं सांगितलं नाहीत. ते खाली आले, हात धुतले, ‘हं, सांग’ म्हणाले, आणि तुम्ही आमच्याकडं एकदा बघून सांगायला लागलात. आम्ही पोरांनीही सांगितलं नाही. तुम्हाला वाटलं, त्यांना कळलं नाही. पण माळवदावर त्यांना गिरणीचा आवाज यायचा. गिरणी बंद पडली तेव्हाच त्यांना कळलं होतं की लाइट गेली. तरी ते बराच वेळ खांब धरून बसले, न जाणो परत येईल म्हणून. आणि खाली आल्यावर सगळा शेवट ऐकून घेतला. घरी येऊन अम्मीला म्हणाले, ‘आज रामकिसननं लई चांगला बनवला.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी डालड्याचा डबा कापायला घेतला.

तेव्हा खरा शेवट तुमच्याचकडं आहे. आता तुम्ही ठरवा, कप्तान वाचला का नाही.

१७ तारखेला आम्ही जालन्याच्या बसस्टँडवर असू. हे म्हणतात, ‘काकांना सांग, माझ्यासाठी तिथपर्यंत ज्वारी आणू नका.’

मैमूना


धावडा
२५ मार्च २००४

चि. मैमूना हिला रामकिसन काकाचा आशीर्वाद.

अक्षर बघ. ओळ बघ. काकूनं हात धरलेला नाही.

आधी तक्रार. तू म्हणाली होतीस दुखत नाही. दुखलं. थोडं. पण तू डोक्याशी बसून ध्रुवयानाचं गाणं गुणगुणत होतीस, आणि तू ते चुकीचं म्हणत होतीस, त्या रागात वेळ निघून गेला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा समोर पहिलं कोण दिसावं? ज्याच्यासाठी मी गल्ली रडवली तो. जावईबापू म्हणाले, ‘काका, मी कसा दिसतो?’ मी म्हणालो, ‘मेल्यापेक्षा बरे.’ डॉक्टरीण बाई हसली, तिला काही कळलं नाही.

काळा चष्मा लावून गावात आलो तर उषाबाई म्हणाली, ‘आले का सम्राट शून्य!’ दुसऱ्या डोळ्याचं दिवाळीनंतर करू म्हणालेत. त्याची भीती आत्तापासून वाटते. पण येईन.

तुझी सगळी पत्रं मी पुन्हा वाचली, पहिल्यापासून. ‘मालिका’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे. ‘आम्ही मजेत आहोत’ हेसुद्धा लिहिलेलं आहे. अक्षर बारीक नाही. मी माझे शब्द परत घेतो.

आणि गिरणीचं वाचलं. उषाबाईच्या सुनेनं मोठ्यानं वाचलं होतं तेव्हा मी खाली बघून ऐकलं. आता स्वतः वाचलं. चांदपाशा असता तर भांडलो असतो.

आता शेवट. तुझ्या पोरांना सांग, तातेराव गुरुजींनाही सांग. मी त्या दिवशी सांगितलेला असा होता.

ध्रुवयान काळ्या घळीत शिरलं. आत काही दिसेना. पडद्यावर मुंग्या. कप्तान सगळी बटणं दाबून थकला. सम्राट शून्य बाहेर हसत होता, आता हे मेले म्हणून. तेव्हा खटपटच्या लक्षात आलं की यानाचा अँटेना वाकलेला आहे. तो शिडी घेऊन यानाच्या टपावर चढला. वर वारं होतं, धरायला काही नाही. त्यानं अँटेना दोन्ही हातांनी धरला आणि फिरवला. आत चित्र आलं, कप्तानाला रस्ता दिसला. खटपटनं हात सोडला की चित्र जायचं, म्हणून घळ संपेपर्यंत त्यानं सोडला नाही. यान बाहेर आलं. सगळे सुखरूप खाली उतरले. खटपट सगळ्यांच्या शेवटी उतरला.

एवढाच होता. तुझ्या अब्बांनी एकच विचारलं होतं, ‘आन् त्याला वरून काय दिसलं?’

मी चहा टाकायला सांगितला आणि विषय बदलला. पोरांनी तुला हे विचारलं तर अडू नकोस, म्हणून लिहितो.

डॉक्टरांनी महिनाभर चढउतार करू नका म्हणून सांगितलं होतं. महिना झाला. आज सकाळी काकू ओरडत असताना मी माळवदावर चढलो. खांब अजून आहे, गंजलेला. एका जागी गंज नाही, तिथं चांदपाशानं चिंधी गुंडाळली होती हात कापू नये म्हणून. ती चिंधी अजून आहे. मी तिथं त्याच्यासारखा बसलो.

तिथून टीव्ही दिसत नाही. गिरणी दिसते, शाळा दिसते, लांब डोंगर दिसतो. आणि खाली वाकून बघितलं की आमच्या घराचं दार दिसतं. दर रविवारी त्या दारात तुम्हा पोरांच्या चपला पडलेल्या असायच्या, सगळ्या गावच्या. तुझी एक निळी असायची, अंगठा तुटलेली.

पोरांना सांग, खटपटला वरून चपला दिसत होत्या. तेवढ्यावरून त्याला कळत होतं की आत सगळे आहेत.

तुझा
रामकिसन काका